लोक ठाण्यात आले की आकडा वाढतो

पोलीस मित्र, शांतता कमिटी, मोहल्ला कमिटी, महिला दक्षता समिती ही नावं महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांना नवी नाहीत. लोकांना सोबत घेऊन पोलिसांनी काम करावं, या धोरणाला उघड विरोध करणारा अधिकारी सापडायचा नाही. मात्र हे काम प्रत्यक्ष करणाऱ्या अंमलदाराला त्याबद्दल मनातून काय वाटतं आणि ते साधलं की फसलं हे कशावरून ठरवायचं, यावर खात्यात एकमत नाही. तोच वाद इथे दोघांच्या तोंडून मांडला आहे. मामा वरिष्ठ पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले, तर भाची तालुक्याच्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक आहे. ही दोन्ही माणसं रचलेली आहेत आणि त्यांचे स्वतःचे अनुभवही. घटना, अभ्यास आणि कायद्याचे त्यांनी दिलेले दाखले मात्र खरे आहेत.

भाची: मामा, उद्या क्राईम मीटिंग आहे. मासिक तक्त्यात एक रकाना जनसंपर्काचा असतो. बैठका किती झाल्या, हजर किती होते, फोटो जोडले का, एवढंच त्यात विचारतात. मी सगळं भरलं. पण खरं सांगू का, त्या बैठकांमुळे माझ्या हद्दीत नेमका काय फरक पडला, हे मला ठाऊक नाही. आणि ते विचारायला कुणाला सवडही नाही.

मामा: फोटो काढणाऱ्यांनी फोटो काढावेत. त्यावरून कामाची किंमत करू नकोस. लोकांशी ओळख ठेवणं हा पोलिसाच्या कामाचा पाया आहे. मी तो पाया नसताना काय होतं ते बघितलंय. जानेवारी 1993 च्या दंगलीत मी मुंबईत उपनिरीक्षक होतो. वायरलेसवर एकामागून एक संदेश येत होते. अमुक गल्लीत जमाव आहे, तमुक वखार पेटली आहे. आम्ही गाडीतून उतरलो की समोर बंद दारं. त्यातल्या एकाही दारावर थाप मारून ‘आत काय चाललंय, खरं सांगा’ असं विचारण्याइतकी ओळख आमच्यापैकी कुणाची नव्हती. लाठी होती, बंदूक होती, माहिती नव्हती. डिसेंबर आणि जानेवारीच्या त्या दंगलींत 900 माणसं गेली. त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात तो आकडा आहे.

भाची: आणि त्याच वेळी भिवंडी शांत राहिली. हे तुम्ही पुढे सांगणार.

मामा: सांगणारच. यंत्रमागांचं गाव, दाट वस्ती, 1970 मध्ये आणि 1984 मध्ये होरपळलेलं. 6 डिसेंबर 1992 ला बाबरी मशीद पडल्यावर देशात कुठे आग लागेल असं विचारलं असतं, तर पहिल्या पाच नावांत भिवंडी आली असती. तिथे 1988 पासून सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त होते. त्यांनी गावभर मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, सुमारे 70. नेहमीच्या शांतता कमिटीत तेच ते पुढारी बसतात, ते त्यांनी टाळलं. दोन्ही समाजांतली साधी माणसं एकत्र बसवली आणि प्रत्येक कमिटीशी ठाण्यातला पोलीस जोडून दिला. दंगल नसतानाही या बैठका चालायच्या. नळाचं पाणी, गटार, शेजाऱ्याशी भांडण, असलेच विषय. त्यातून ओळखी झाल्या. खोपड्यांची बदली झाल्यावर गुलाबराव पोळांनी काम पुढे चालू ठेवलं. मुंबई जळत होती तेव्हा जवळच्या भिवंडीत कमिट्यांची माणसं रात्री आपापल्या मोहल्ल्यात जागत होती. याहून मोठं यश कुठलं मोजायचंय तुला?

भाची: मी भिवंडीला कमी लेखत नाही. पण 2006 साली त्याच गावात काय झालं? पोलीस ठाण्याच्या जागेवरून वाद पेटला. 5 जुलैला जमाव चालून आला, पोलिसांच्या गोळीबारात दोघं गेले आणि रात्री आपल्याच खात्यातल्या दोन शिपायांना जमावानं ठार मारलं. मोहल्ला कमिट्यांचं नाव देशभर झालेलं तेच हे गाव. मधल्या चौदा वर्षांत त्या कमिट्यांची धार गेली होती, असं तेव्हा अनेकांनी म्हटलं. ती कधी गेली? कोणत्या वर्षी बैठका नुसत्या नावाला उरल्या? कोणत्या मोहल्ल्यातून फोन येणं थांबलं? हे वेळेत कुणाच्या लक्षात का आलं नाही?

मामा: अधिकारी बदलले, प्राधान्यं बदलली. प्रत्येक नव्या साहेबाला स्वतःची योजना असते.

भाची: माझं म्हणणं तेच आहे. खोपड्यांनी पुस्तक लिहिलं, ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ एका अधिकाऱ्यानं अनुभव लिहून ठेवला हे मोठं काम झालं. पण मी दर महिन्याला जो तक्ता भरते, त्यात त्या अनुभवाचा मागमूस नाही. ज्याचं मोजमाप होत नाही ते चालवणाऱ्या माणसाबरोबर येतं आणि त्याच्या बदलीबरोबर जातं.

मामा: आणि मोजमाप केलं की काय होतं तेही मी बघितलंय. 15 ऑगस्ट 2007 ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील, म्हणजे आबांची कल्पना, हेतू अगदी चांगला. गावातले तडजोड होण्याजोगे तंटे गावातच मिटावेत, लोकांचे कोर्टातले हेलपाटे वाचावेत. ग्रामसभेतून समिती निवडायची, कामाला गुण द्यायचे, गाव तंटामुक्त झालं की लोकसंख्येप्रमाणे बक्षीस. पुष्कळ गावांत बांधाची, वाटणीची, वर्षानुवर्षं कुजलेली भांडणं मिटली, हे मी नाकारत नाही. पण गुण आणि बक्षीस आल्यावर समितीचं लक्ष माणसांवरून कागदावर जायला लागलं. किती तंटे दाखल, किती मिटवले, आकडे जुळले की झालं.

भाची: मला त्याहून गंभीर गोष्ट दिसते. तंटे नसण्याबद्दल गावाला बक्षीस मिळणार असेल, तर तक्रार करणारी बाई गावाच्या आड येते. नवरा मारतो म्हणून ती ठाण्यात निघाली, तर वाटेत चार जण तिला सांगतात, घरातलं घरात मिटव, गावाचं नाव जाईल. नियमात हे कुठंच लिहिलेलं नाही. पण कशाला शाबासकी मिळते हे लोकांना बरोबर कळतं. पोलिसांनाही कळतं.

मामा: मग तूच सांग, मोजावं की मोजू नये? भिवंडीबद्दल म्हणतेस मोजलं नाही म्हणून संपलं, आणि इथं म्हणतेस मोजलं म्हणून बिघडलं.

भाची: काय मोजलं यावर सगळं आहे. आपल्याकडे दोनच गोष्टी मोजतात. एक, आपण किती बैठका घेतल्या. दोन, गुन्हे किती कमी झाले. पहिल्यातून लोकांना काय मिळालं ते कळत नाही. दुसरं तर उलटं चालतं. पोलिसांवर विश्वास बसला की लोक ठाण्यात यायला लागतात, आणि लोक आले की गुन्ह्यांचा आकडा वाढतो. म्हणजे काम चांगलं झालं की तक्त्यात ते वाईट दिसतं.

मामा: हे पुस्तकी वाटतंय. ठाण्यात खरंच असं घडतं?

भाची: माझ्याच ठाण्यातलं सांगते. आठवडी बाजार. भाजी घेता घेता एका माणसाच्या खिशातून मोबाईल गेला. तो ठाण्यात येतो. ठाणे अंमलदार म्हणतो, ‘गर्दीत कुठंतरी पडला असेल. गहाळची नोंद करून देतो, त्यावर नवीन सिम मिळेल.’ त्या माणसालाही घाई असते, तो कागद घेऊन जातो. चोरी झाली, पण चोरीचा गुन्हा दाखल झाला नाही. मी ठाण्यात रुजू झाल्यावर सांगितलं, खिशातून गेला असं म्हणत असेल तर चोरीच लिहा. दोन-तीन महिन्यांत चोऱ्यांचा आकडा चढला. मीटिंगमध्ये मला उभं करून विचारलं, हद्दीत चोऱ्या का वाढल्या? मी म्हटलं, साहेब, चोऱ्या तेवढ्याच आहेत, आता लिहिल्या जातात. पुढचा प्रश्न आला, उघडकीस किती आणल्या? पुष्कळशा आल्या नव्हत्या. परत आल्यावर माझा हवालदार मला म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही दोन वर्षांनी जाल. आम्हाला इथंच राहायचंय. आकडा कशाला वाढवून घेता?’

मामा: तो चुकीचं बोलला नाही. त्याच्या जागी बसून बघ. त्याचं वर्षाचं मूल्यमापन त्या आकड्यांवर होतं.

भाची: म्हणून तर मला त्याचा राग येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, म्हणजे एनसीआरबीच्या, ‘क्राईम इन इंडिया’ अहवालातसुद्धा बजावलंय की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका. दिल्लीत छापलेलं हे वाक्य जिल्ह्याच्या मीटिंगपर्यंत पोचत नाही.

मामा: आता माझं ऐक. तू मोजमापाच्या बाजूनं बोलतेस, मी अंमलदाराच्या बाजूनं बोलतो. लोकांशी संपर्क ठेवा असं वरून पत्र आलं की बीटचा हवालदार मनात काय म्हणतो? सकाळी बंदोबस्त, दुपारी समन्स-वॉरंट, मध्येच पासपोर्टची पडताळणी, रात्री नाकाबंदी, आणि आता वर हे. ‘हे समाजसेवेचं काम आहे, खरं पोलिसाचं काम म्हणजे तपास आणि धरपकड’ असं तो म्हणतो. त्याला आडमुठा म्हणणं सोपं आहे. 2019 साली कॉमन कॉज आणि सीएसडीएस या संस्थांनी केलेली देशभरातल्या पोलिसांची पाहणी आली. सरासरी ड्यूटी दिवसाला 14 तासांची निघाली. चौदा तास उभ्या राहिलेल्या माणसाला सांगायचं, आता वस्तीत जा आणि हसून बोल. 2016 मध्ये दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना मुंबईत देवनार ठाण्यापासून आठ तासांची पाळी सुरू झाली. माझ्या मते तो निर्णय शंभर बैठकांहून मोठा होता. ज्याला स्वतःच्या पोरांशी बोलायला वेळ मिळतो, तोच दुसऱ्याच्या पोरांशी नीट बोलेल.

भाची: पटलं. याच्याच जोडीला परदेशातला एक दाखला देते. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात नेवार्क शहर आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथल्या काही भागांत पोलिसांना गाडीतून उतरवून पायी गस्तीला लावलं आणि परिणाम तपासले. गुन्हे कमी झाले नाहीत. फक्त तेवढंच मोजलं असतं तर योजना फसली म्हणून फाइल बंद झाली असती. पण त्यांनी रहिवाशांनाही विचारलं होतं. पायी गस्तीच्या भागात लोकांची भीती कमी झाली होती आणि पोलिसांबद्दलचं मत सुधारलं होतं. शिवाय पोलिसांनाही विचारलं होतं. पायी फिरणाऱ्यांचं मनोबल चांगलं होतं, कामात समाधान जास्त होतं आणि आपल्या भागातल्या लोकांबद्दल त्यांचं मत गाडीतल्यांपेक्षा बरं होतं. पोलिसाची वृत्ती आधी बदलायची आणि मग त्याला लोकांत पाठवायचं, असा क्रम आपण धरतो. तिथं तो लोकांत गेला आणि वृत्ती नंतर बदलली.

मामा: म्हणजे तू माझ्याच बाजूची आहेस की.

भाची: थांबा, पुढचं तुम्हाला आवडणार नाही. 2021 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मोठा अभ्यास छापून आला. ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, युगांडा, पाकिस्तान आणि फिलिपिन्स, असे सहा देश. काही भागांत कम्युनिटी पोलिसिंग केलं, काहींत केलं नाही, आणि दोन्हींची तुलना केली. पायी गस्त होती, लोकांच्या सभा होत्या, स्थानिक अडचणी हेरून त्या सोडवायचे प्रयत्न होते. लोकांचा विश्वास वाढला नाही आणि गुन्हेही घटले नाहीत. श्रीमंत देशांत जे थोडंफार चाललं, ते या देशांत चाललं नाही.

मामा: कारण काय सांगितलं?

भाची: साधनं अपुरी, वरिष्ठांच्या लेखी या कामाला महत्त्व नाही, आणि सततच्या बदल्या. ज्यांना प्रशिक्षण दिलं आणि ज्यांनी ओळखी जोडल्या, तेच अधिकारी मध्येच दुसरीकडे गेले.

मामा: हे तर आमच्या कॅंटीनमधल्या पोराला विचारलं असतं तरी सांगितलं असतं!

भाची: पण कॅंटीनमधलं बोलणं कुणी पुरावा मानत नाही. आपल्या देशातला पुरावाही आहे. राजस्थानात 2005 ते 2008 या काळात 11 जिल्ह्यांतल्या 162 ठाण्यांवर प्रयोग झाला. तो करणाऱ्यांत अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्याबरोबर खात्यातल्याच आयपीएस अधिकारी नीना सिंग होत्या. काही ठाण्यांत बदल्या थांबवल्या. काहींत तपास आणि बोलण्या-वागण्याचं प्रशिक्षण दिलं. काहींत आठवड्याची सुट्टी आणि ड्यूटीची पाळी बांधून दिली. काही ठाण्यांत गावातली माणसं निरीक्षक म्हणून आणून बसवली. प्रशिक्षणाचा आणि बदल्या थांबवण्याचा फायदा दिसला. सुट्टीचं आणि लोकनिरीक्षकांचं जमलं नाही, कारण ठाणेदारांनी ते नीट राबवलंच नाही.

मामा: लोकनिरीक्षकाला ठाण्यात खुर्ची देणं आणि त्याला काही बघू देणं यात फरक असतो.

भाची: म्हणूनच त्या प्रयोगातली दुसरी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्यांनी साधी माणसं फिर्यादी बनवून ठाण्यात पाठवली. चोरी झाली, तक्रार लिहून घ्या. कधी लिहून घेतली, कधी हाकलून दिलं, याची नोंद ठेवली. असे लोक येतात हे ठाण्यांना कळल्यावर तक्रारी लिहून घेण्याचं प्रमाण वाढलं. खरा फिर्यादी कोण आणि पाठवलेला कोण, हे ठाणे अंमलदाराला ओळखता येईना, तेव्हा तो सगळ्यांशीच बरं वागायला लागला. बघा मामा, इथं बैठक नाही, भाषण नाही, फोटो नाही. मोजायची गोष्ट बदलली आणि वागणं बदललं.

मामा: धाकानं बदललेलं वागणं धाक जाताच परत फिरतं. मी भिवंडीचं नाव घेतो ते मनातून झालेल्या बदलासाठी. ज्या पोलिसाचा मोहल्ल्यातल्या दहा घरांत चहा झालेला असतो, तो त्या घरातल्या पोरावर लाठी उगारताना हात आखडतो. हे कुठल्या तक्त्यात घालशील?

भाची: तुमच्या त्या चहालाच माझा एक प्रश्न आहे. चहा कुणाच्या घरी होतो? पोलीस मित्रांची यादी काढा. दुकानदार, मंडळाचे पदाधिकारी, माजी सरपंचाचा मुलगा. वीटभट्टीवरची माणसं त्यात नसतात. पारधी वस्तीवरचं कुणी नसतं. चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावर आणि बैठकीचं निमंत्रण त्यांनाच नाही. मग समाज या नावाखाली आपण गावातल्या बळकट माणसांशी घसट वाढवतो आणि दुबळ्यांना आणखी लांब ढकलतो.

मामा: हे खरं आहे. खोपड्यांनी पुढाऱ्यांना बाजूला ठेवलं ते यासाठीच. केरळात 2008 मध्ये जनमैत्री योजना सुरू झाली, तिथं बीट अधिकाऱ्यानं घरोघर जायचं असं ठरवलं. सभेला येतो तो बोलका माणूस. घरी गेलं की न बोलणाराही भेटतो.

भाची: मग मोजताना हेच विचारू. बैठकीला किती आले, हे नको. जे आले नाहीत त्यांना काय वाटतं? जे ठाण्याची पायरी चढले त्यांना काय अनुभव आला? आणि ज्यांच्यावर गुन्हा घडला पण जे चढलेच नाहीत, ते का चढले नाहीत? इंग्लंडमध्ये 1982 पासून घरोघर जाऊन विचारतात, गेल्या वर्षभरात तुमच्याबाबतीत काय घडलं आणि त्यातलं पोलिसांना काय सांगितलं. आपल्याकडे आयडीएफसी इन्स्टिट्यूटनं मुंबईसह चार शहरांत अशी पाहणी केली, 2017 मध्ये तिचा अहवाल आला. घडलेलं आणि नोंदलेलं यांतली दरी त्यातून दिसते. ही दरी कमी होणं हे यश. नोंदलेला आकडा चढूनही दरी आटली असेल, तर ठाणं चांगलं चाललंय.

मामा: इंग्लंडचं नाव काढलंस म्हणून सांगतो. तिथल्या सरकारनं 2009 मध्ये पोलिसांना एकच राष्ट्रीय लक्ष्य दिलं होतं, लोकांचा विश्वास. पुढच्याच वर्षी सरकार बदललं आणि थेरेसा मे गृहमंत्री झाल्या. त्यांनी ते लक्ष्य काढून टाकलं. पोलिसांचं काम गुन्हे कमी करणं, एवढंच त्या म्हणाल्या. मोजपट्टीसुद्धा राजकारणाबरोबर बदलते. तुझ्या पाहणीचं तसंच झालं तर?

भाची: लक्ष्य केलं की ती पाहणी बिघडेलच. विश्वास 60 टक्क्यांवरून 65 वर न्या, नाहीतर बदली, असा हुकूम निघाला तर ठाणेदार उत्तर देणाऱ्यांनाच सांभाळून घेईल. म्हणून माझी पहिली अट अशी की, ज्याचं काम मोजायचं त्याच्या हातात पेन नको. दुसऱ्या जिल्ह्यातली माणसं, कॉलेजातली मुलं, कुणीही चालेल, पण माझ्या ठाण्याचं मोजमाप माझ्या ठाण्यानं करू नये. दुसरी अट, बक्षीस नको आणि क्रमवारी नको. ते उत्तर ठाण्याला सुधारण्यासाठी परत मिळावं.

मामा: आणि विचारणार काय? ‘पोलिसांवर विश्वास आहे का’ असं विचारलं तर घाबरलेला माणूस हो म्हणेल.

भाची: मतं विचारायचीच नाहीत. घडलं ते विचारायचं. तक्रार लिहून घेतली का? एफआयआरची प्रत फुकट मिळाली का? ती मिळणं हा तुमचा हक्क आहे, हे कुणी सांगितलं का? नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत फिर्यादीला कळवावं लागतं. कळवलं का? किती वेळ बाकावर बसवून ठेवलं? बाई असेल तर तिच्याशी महिला अंमलदार बोलली का? दाराशी कुणी अडवलं का? यात मत नाही, भीतीला वाव कमी. अशा दहा प्रश्नांवर ठाण्याचा चेहरा दिसतो.

मामा: हे मला पटतंय. पण यात माझा अंमलदार कुठं आहे? त्याला कोण विचारणार? साहेब त्याच्याशी कसे बोलतात? रजेचा अर्ज किती दिवस पडून राहतो? आजारी आईला बघायला जायचं म्हणून त्याला कितीदा हात जोडावे लागतात? वरून जे मिळतं तेच तो खाली देतो. ठाण्यात ज्याला मान नाही, तो बाहेर मान देणार नाही. लोकांच्या दहा प्रश्नांबरोबर अंमलदाराचेही दहा प्रश्न घाल, नाव न लिहिता. त्याचा बीट त्याला किती माहीत आहे, त्याला तिथं किती दिवस राहू दिलं, त्यानं सुचवलेली एखादी गोष्ट साहेबांनी ऐकली का.

भाची: मान्य. आणि त्यात बदल्याही धरू. 22 सप्टेंबर 2006 ला प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठाण्याच्या प्रमुखाला किमान दोन वर्षं एका जागी ठेवा म्हणून सांगितलं. ती दोन वर्षं भरण्याआधी ज्यांना हलवलं त्यांचा हिशेब ठाण्याकडे मागू नये, ज्यांनी हलवलं त्यांच्याकडे मागावा.

मामा: आता माझी अडचण ऐक. तुझे सगळे प्रश्न घडलेल्या गोष्टींचे आहेत. न घडलेलं कसं मोजशील? मिरवणुकीवर दगड येणार होता आणि आला नाही, कारण आदल्या रात्री एका म्हाताऱ्यानं हवालदाराला फोन केला. गुन्हा नाही, फिर्यादी नाही, कागद नाही. आयुष्यभराच्या नोकरीत ज्याचं समाधान वाटतं ते माझं काम बहुतेक असंच आहे.

भाची: त्याचा आकडा करता येणार नाही, हे मी मानते. पण ते लिहिता येईल. अमुक दिवशी अमुक भागात ताण होता, कुणाशी बोलल्यावर निवळला, कोणता शब्द दिला, तो पाळायचा राहिला का. खबऱ्यांची नावं सोडून, बीटच्या वहीत. बदली झाली की जसा मुद्देमाल मोजून पुढच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात देतो आणि सही घेतो, तशी ही वही द्यायची. तुमच्यानंतर आलेल्या अधिकाऱ्याला त्या म्हाताऱ्याचं नाव माहीत होतं का?

मामा: नसेल. मी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही विचारलं नव्हतं. तशी रीतच नव्हती.

भाची: ती रीत पाडायला पत्र लागत नाही, वही लागते. मी माझ्या ठाण्यात सुरू करू शकते. लोकांच्या पाहणीला मात्र वरून कुणीतरी हो म्हणावं लागेल.

मामा: तू मीटिंगमध्ये बोलशील का हे?

भाची: बोलेन. चोऱ्यांचा आकडा या महिन्यातही चढलाय. विचारणारच आहेत. मी सांगणार, बाजारातल्या माणसांना विचारायला तुमचा माणूस पाठवा, माझा नको.

मामा: कुणी लगेच हो म्हणणार नाही. पण हवालदारालाही सोबत ने. त्याच्यासमोर बोल. आकडा चढल्याचं उत्तर साहेब त्याच्याकडून मागत नाहीत, तू देतेस, हे त्याला दिसलं पाहिजे. मग पुढच्या बाजारी तो गहाळ लिहिताना थांबेल.

दोघांचं एकमत झालेलं नाही. मामांना अजूनही वाटतं की ओळख आधी आणि हिशेब नंतर. भाची म्हणते, हिशेब चुकीचा असेल तर ओळख करायला कुणी बाहेर पडणारच नाही. पण दोघांनी मिळून जे सांगितलं ते खात्यानं आणि सरकारनं गंभीरपणे ऐकावं असं मला मनापासून वाटतं. पोलिसांची लोकांबद्दलची वृत्ती ही त्यांच्या स्वभावात रुजलेली न बदलणारी गोष्ट नाही. ज्या कामाला दाद मिळते, ज्या कामासाठी वेळ मिळतो आणि ज्या जागी टिकू दिलं जातं, त्यातून ती घडते. बैठकांच्या फोटोंना दाद दिली तर फोटो मिळतील. कमी गुन्ह्यांना दाद दिली तर गुन्हे वहीबाहेर राहतील. बाजारात खिसा कापला गेलेल्या माणसाला, वीटभट्टीवरच्या मजुराला, मार खाऊन रात्री ठाण्याच्या दाराशी आलेल्या बाईला काय वागणूक मिळाली हे विचारून त्यावर दाद दिली, तर पोलीस त्याही दिशेनं वळतील, कारण पोलीसही आपल्यातलीच माणसं आहेत. म्हणून जिल्ह्याच्या आढावा बैठकीत चढलेला आकडा घेऊन उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला पहिला प्रश्न ‘का वाढले’ असा न विचारता ‘आता कोण यायला लागलं, जे आधी येत नव्हतं?’ असा विचारावा. हा प्रश्न विचारायला पैसा लागत नाही, नवा कायदाही लागत नाही.